म्हातारपणाची काठी: पेन्शन, पोरं आणि पैसा

सत्तरीतली तीन माणसं डोळ्यांसमोर आणा. एक नाशिकरोडच्या केंद्र सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेला, दुसरा सातपूरच्या खासगी कारखान्यातून, तिसरा निफाडचा द्राक्षबागायतदार. पहिल्याला महागाई भत्त्यासह पेन्शन. दुसऱ्याला ईपीएफची पेन्शन. तिची किमान रक्कम २०१४ पासून हजार रुपयांवरच आहे. तिसऱ्याकडे बाग आणि मुलगा, आणि मुलगा पुण्यात.

म्हाताऱ्यांना कोणी सांभाळायचं, हा प्रश्न आपल्याकडे घरचा मानला जातो. जर्मनीने १८८९ मध्येच तो सरकारी केला. तिथला चॅन्सेलर बिस्मार्क याच्या कायद्याने कामगारांना पेन्शन दिली, पण वयाच्या सत्तरीनंतर. तितकं जगणारे तेव्हा थोडेच. युरोपला सवडही मिळाली. पासष्टीपुढच्यांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ वर जायला फ्रान्समध्ये सुमारे ११५ वर्षं लागली. जपानमध्ये तेच १९७० ते १९९४ या २४ वर्षांत घडलं. सासू-सासऱ्यांचं करायला सून असतेच, हा तिथला समज टिकेना. अखेर २००० साली चाळिशीपुढच्या सगळ्यांकडून वर्गणी घेणारा शुश्रूषा विमा आला. तरुण हात कमी म्हणून कारखान्यांत यंत्रमानव आले, हीही त्याच गोष्टीची दुसरी बाजू.

आपल्याला जवळचं उदाहरण मात्र दक्षिण कोरियाचं. तिथल्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन पोरं शिकवली. पोरांचं शिक्षण हीच त्यांची म्हातारपणाची तरतूद. त्या शिकलेल्या पिढीने देश श्रीमंत केला आणि शहरं गाठली. राष्ट्रीय पेन्शन १९८८ मध्ये सुरू झाली, तोवर अनेकांची कमाईची वर्षं सरली होती. आज श्रीमंत देशांमध्ये वृद्धांची गरिबी सर्वाधिक तिथेच: दहातले जवळपास चार. नवी पिढी हे बघून शहाणी झाली की धास्तावली, सांगणं कठीण. घरांच्या किमती, शिकवण्यांचा खर्च, बायकांवरचा दुहेरी भार अशी कारणं बरीच आहेत. पण २०२३ मध्ये तिथला जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, ०.७२ वर आला. एकुलत्या पोराच्या शिक्षणासाठी जमिनीचा तुकडा विकणाऱ्या आपल्याकडच्या घरांना हे वाचून काय वाटेल?

संस्कार पुरेनात तेव्हा कायदे आले. आईवडिलांना पोटगी मागता यावी म्हणून सिंगापूरने १९९५ मध्ये कायदा केला, भारताने २००७ मध्ये. महाराष्ट्रात निराधार वृद्धांच्या योजनेला नाव श्रावणबाळाचं. कावड मात्र सरकारच्या खांद्यावर. २०२३ मध्ये तिची रक्कम हजारावरून दीड हजार झाली. महिन्याच्या औषधगोळ्यांनाही अनेकांना ती पुरत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला. म्हणजे आपणही वाटेला लागलोच आहोत, आणि खिशात जपानइतका पैसा नाही. शिवाय १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नोकरीत लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. प्रेसमधल्या त्या पहिल्या माणसाचा मुलगा त्यानंतर बापाच्याच वाटेने गेला असेल, तर बापासारखं म्हातारपण त्याच्या वाट्याला नाही.