मॅक्रोसेल (२२व्ही१० चिपमधला)

२२व्ही१० सारख्या प्रोग्रॅमेबल लॉजिक चिपच्या (म्हणजे आतलं लॉजिक आपल्याला ठरवता येतं अशा चिपच्या) प्रत्येक आउटपुट पिनमागे एक छोटा ब्लॉक असतो, त्याला मॅक्रोसेल म्हणतात. आतलं लॉजिक पिनवर सरळ येणार की उलटं (१ चं ०, ० चं १), लगेच येणार की क्लॉकचा ठोका पडल्यावर, हे तो ठरवतो.

१९७८ साली मोनोलिथिक मेमरीज कंपनीने पाल (PAL) नावाची अशी चिप काढली तेव्हा ही सोय नव्हती. आतलं अँड गेटांचं जाळं फ्यूज उडवून हवं तसं करता यायचं पण आउटपुट फॅक्टरीतच ठरलेलं, म्हणजे १६एल८ घेतली तर सगळे आउटपुट ॲक्टिव्ह-लो (म्हणजे उलटे), १६आर४ घेतली तर चार पिनांवर फ्लिप-फ्लॉप (क्लॉक पडल्यावरच बदलणारी एका बिटची मेमरी), १६आर८ घेतली तर आठही पिनांवर, आणि डिझाइन जरा बदललं की चिपच दुसरी आणा.

एएमडीच्या २२व्ही१० मध्ये दहा मॅक्रोसेल आले आणि प्रत्येकाला दोनच बिट: एक सरळ-उलटसाठी, दुसरा फ्लिप-फ्लॉप वापरायचा की नाही यासाठी. सरळ-उलटचा बिट फालतू वाटतो, पण तोच खरा कामाचा. समजा नऊ सिग्नलपैकी एक जरी लो (०) झाला तरी आउटपुट हाय (१) हवंय. सरळ लिहिलं तर नऊ प्रॉडक्ट टर्म (एका अँडचा निकाल म्हणजे एक टर्म, सगळ्या टर्म मग ऑरने जोडतात) लागतात आणि १४ किंवा २३ नंबरच्या पिनला मिळतात आठच, झालं, बसत नाही. तेच उलटं करून लिहा, एका टर्ममध्ये काम संपलं!

टर्मही सगळ्यांना सारख्या नाहीत, कडेच्या पिनांना ८, मग १०, १२, १४ आणि मधल्या १८-१९ ला १६. त्यामुळे काउंटरचा सगळ्यात वरचा बिट, ज्याला सगळ्यात जास्त टर्म लागतात, मी डोळे झाकून मधल्या पिनवर टाकतो.

एक गोची मात्र आहे. फ्लिप-फ्लॉप चालू असेल तर फीडबॅक (आतल्या जाळ्यात परत जाणारा सिग्नल) पिनवरून येत नाही, फ्लिप-फ्लॉपमधूनच येतो, मग आउटपुट बंद ठेवून तीच पिन इनपुट म्हणून वापरू म्हटलं तर जमत नाही. फ्लिप-फ्लॉप नसेल तर जमतं, म्हणून तर बाराच पक्क्या इनपुट पिना असून नावात २२ आहे.

पुढे १९८५ मध्ये लॅटिस कंपनीने गाल (GAL) चिप आणली, ती विजेनेच पुसून परत लिहिता येते, त्यामुळे चुकलं तरी चिप वाया जात नाही. सीपीएलडीत (याच जातीच्या मोठ्या चिपमध्ये) तर मॅक्रोसेलवरच चिपचा साइज मोजतात, झायलिंक्सच्या एक्ससी९५७२ मधले ७२ म्हणजे मॅक्रोसेलच.