कोडच्या मालकीचे वाद आणि ओपन सोर्स

सॉफ्टवेअरचा कोड नक्की कोणाचा, यावरून कोर्टात जाणारी भांडणं म्हणजे कोडच्या मालकीचे वाद. कोड लिहिणारा एक, त्याला पगार देणारी कंपनी दुसरी, पुढे ती कंपनी विकली गेली की हक्क तिसऱ्याकडे, आणि मग वीस वर्षांनी जुने करार काढून कॉपीराइट त्या विक्रीत गेले होते की नाही हे बघत बसावं लागतं. ओपन सोर्सला, म्हणजे कोणीही बघू, वापरू आणि बदलू शकेल अशा कोडला, याचा फटका जास्त बसतो कारण तिथे कोड सगळ्यांसमोर असतो आणि तो वापरणारे हजारो लोक या भांडणाशी काही संबंध नसताना त्यात ओढले जातात.

पहिलं मोठं प्रकरण 1992 चं, अमेरिकन टेलिफोन कंपनी एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टम लॅबोरेटरीजने, म्हणजे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टमचे हक्क असलेल्या कंपनीने, बीएसडीआय कंपनी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठावर केस केली. 1994 मध्ये तडजोड झाली तेव्हा जवळपास 18,000 फायलींपैकी फक्त तीन काढाव्या लागल्या. पण केस चालू होती तोवर बीएसडीवर, म्हणजे या विद्यापीठात बर्कलीला तयार झालेल्या युनिक्सच्या आवृत्तीवर, टांगती तलवार राहिली, आणि लिनक्स ही दुसरी ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टम नेमकं त्याच काळात पुढे निघून गेलं. हे नीट लक्षात घ्यायला हवं, निकाल काहीही लागो, नुकसान निकालाआधीच होऊन जातं.

सगळ्यात गाजलेली केस एससीओची. मार्च 2003 मध्ये एससीओ ग्रुप या सॉफ्टवेअर कंपनीने आयबीएमवर 1 अब्ज डॉलरचा दावा ठोकला, म्हणणं असं की आयबीएमने युनिक्समधल्या गोष्टी लिनक्समध्ये घातल्या. मग सुमारे 1,500 मोठ्या कंपन्यांना इशाऱ्याची पत्रं गेली, लिनक्स वापरायचं तर एका प्रोसेसरमागे 699 डॉलरचं लायसन्स घ्या असं सांगितलं गेलं, आणि 2004 मध्ये ऑटोझोन व डेमलरक्रायस्लर या चक्क ग्राहक कंपन्यांवरही केसेस झाल्या.

पुरावा कुठे होता? ऑगस्ट 2003 मध्ये लास व्हेगासच्या कार्यक्रमात एससीओने कोडचे नमुने स्लाइडवर दाखवले. लोकांनी ते लगेच शोधून काढले. एक निघाला मेमरी वाटपाचा 1970च्या दशकातला युनिक्स कोड, जो एससीओनेच आधी कॅल्डेरा नावाने काम करताना 2002 मध्ये मोकळ्या लायसन्सखाली सोडला होता, आणि दुसरा नेटवर्क पॅकेट गाळणारा कोड, त्याचा उगम बर्कलीचा, म्हणजे एससीओचा नव्हताच. कोड उघडा असल्यामुळेच हे इतक्या पटकन तपासता आलं, ओपन सोर्सची खरी ताकद ही आहे असं ठामपणे म्हणता येईल.

शेवटी आरोपाचा पायाच निखळला. युनिक्सची आधीची मालक कंपनी नॉव्हेलने 1995 मध्ये युनिक्सचा धंदा विकला खरा, तोच पुढे एससीओकडे आला, पण कॉपीराइट स्वतःकडेच ठेवले होते, असं 2007 मध्ये न्यायाधीश डेल किंबॉल यांनी सांगितलं, एससीओ पुढच्याच महिन्यात दिवाळखोरीत गेली, 2010 मध्ये ज्युरीनेही नॉव्हेलच्याच बाजूने कौल दिला. आयबीएमची केस मात्र 2021 पर्यंत रेंगाळली आणि 1 कोटी 42.5 लाख डॉलरवर मिटली. तोपर्यंत जगातले सगळ्यात वेगवान 500 सुपरकॉम्प्युटर सगळेच्या सगळे लिनक्सवर चालत होते.

पुढच्या दोन निकालांनी बरंच चित्र स्पष्ट झालं. 2008 मध्ये जेकबसन विरुद्ध कॅटझर या मॉडेल रेल्वेच्या सॉफ्टवेअरवरच्या केसमध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने मान्य केलं की फुकट दिलेल्या कोडच्या लायसन्समधल्या अटी मोडल्या तर तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. 2021 मध्ये गूगल विरुद्ध ओरॅकल केसमध्ये, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एपीआयच्या, म्हणजे प्रोग्रॅमना तयार सुविधा वापरू देणाऱ्या कोडच्या, साधारण 11,500 ओळी गूगलने घेतल्या तो रास्त वापर, म्हणजे परवानगीशिवायही चालणारा वापर होता, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 6-2 मतांनी ठरवलं.

रोजच्या कामात उरलेला बदल वेगळाच आहे. एससीओच्या धक्क्यानंतर 2004 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, नवा नियम आणला, प्रत्येक पॅचखाली (कोडमधल्या बदलाखाली) "साइन्ड-ऑफ-बाय" अशी ओळ, नाव आणि ईमेलसकट. हा कोड मी लिहिलाय किंवा तो द्यायचा मला हक्क आहे, याची ती कबुली, आणि ती ओळ नसेल तर पॅच घेतलाच जात नाही.