दिवा डीम-फुल होतो, पण वीज कमी पडत नाही

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात फाउंड्र्या पुष्कळ. औद्योगिक वसाहतीला लागून राहणारे म्हणतात, "लाईट डीम-फुल होतेय, भट्टी लावली वाटतं." पुढचं वाक्यही ठरलेलं: "सगळी वीज तेच ओढतात, आपल्याला काय उरणार?" पहिलं बऱ्याचदा बरोबर असतं, दुसरं चूक. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या कोयना धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. ती दुप्पट केली तरी ही फडफड थांबणार नाही.

आपली नजर सेकंदाला साधारण ८.८ वेळा होणाऱ्या चढउताराला सर्वांत हळवी असते. या वेगानं व्होल्टेज पाव टक्का, म्हणजे २३० मधला अर्ध्या व्होल्टच्या थोडा वर, हललं तरी ६० वॅटच्या पिवळ्या बल्बची लुकलुक जाणवू लागते. साध्या मीटरला हे कळतच नाही. वायरमन "होल्टेज बरोबर आहे" म्हणून निघून जातो, तो काही खोटं बोलत नसतो.

सगळ्यात उपद्रवी म्हणजे पोलादाची आर्क भट्टी. ग्राफाइटचे इलेक्ट्रोड, म्हणजे वीज नेणारे दांडे, भंगारात उतरतात आणि आर्क, म्हणजे विजेची ठिणगी, पेटतो. वितळतं भंगार कोसळून इलेक्ट्रोडला भिडलं की शॉर्ट, पुढच्याच क्षणी आर्क तुटतो. प्रवाह नुसता थैमान घालतो.

खरी गंमत इथून पुढे. या प्रवाहाचे दोन भाग करा. एक व्होल्टेजच्या तालावर चालतो, तो धातू वितळवतो. दुसरा पाव आवर्तन (विजेच्या एका लाटेचा चौथा हिस्सा) मागे रेंगाळतो, तो रिअॅक्टिव्ह: काम काही नाही, नुसत्या येरझाऱ्या. मोठ्या वाहिन्या आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये साध्या रोधापेक्षा रिअॅक्टन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा चुंबकीय अडथळा) बराच जास्त, आणि रिअॅक्टन्सवरची व्होल्टेजची घट प्रवाहाच्या पाव आवर्तन पुढे असते. त्यामुळे पहिल्या भागाची घट व्होल्टेजशी काटकोनात पडते, दुसऱ्याची थेट त्याच रेषेत. आता पायथागोरस काढा. कर्ण (मूळ व्होल्टेज) १००, एक बाजू (घट) ५, तर दुसरी बाजू (उरलेलं व्होल्टेज) ९९.८७. नुकसान नगण्य! तेच ५ सरळ रेषेत वजा केले तर उरतात ९५. म्हणजे दिवा हलवतो तो बिनकामाचा प्रवाह. जोडणीच्या जागी ग्रिडची शॉर्ट सर्किट क्षमता (ग्रिड तिथे किती दणकट आहे याचं माप) ५०० एमव्हीए असेल आणि भट्टीची रिअॅक्टिव्ह पॉवर १० एमव्हीएआरनं (हे तिचं एकक) हलली, तर व्होल्टेज सुमारे २ टक्के हलतं आणि पिवळ्या बल्बचा उजेड जवळपास ७ टक्के.

उपायही तिथेच दडलाय. भट्टीशेजारी कपॅसिटर आणि थायरिस्टरनं (एक इलेक्ट्रॉनिक स्विच) आवरलेली रिअॅक्टर कॉइल बसवायची. भट्टीनं रिअॅक्टिव्ह कमी घेतलं की कॉइल जास्त घेते, बेरीज कायम, आणि ती बेरीज कपॅसिटर भागवतो. हा एसव्हीसी, म्हणजे स्टॅटिक व्हार कॉम्पेन्सेटर. अडचण एवढीच की थायरिस्टरला अर्ध्या आवर्तनात, म्हणजे १० मिलिसेकंदांत, एकदाच हुकूम देता येतो; आर्क तेवढा थांबत नाही. हेच काम करणाऱ्या स्टॅटकॉम नावाच्या यंत्रातले आयजीबीटी (जास्त चपळ इलेक्ट्रॉनिक स्विच) सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद होतात, म्हणून तो फडफड जास्त मारतो. आणि महागही पडतो.

बाजारात "वीज बचत" म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लगच्या डबीतही बहुतेकदा एक चिमुकला कपॅसिटरच असतो. घरचं बिल युनिटवर, म्हणजे खरं काम करणाऱ्या विजेवर, येतं, त्यामुळे तिनं ना बिल कमी होतं ना लुकलुक. रिलेचा स्टॅबिलायझरही एवढ्या वेगामागे धावू शकत नाही.

लहान फाउंड्र्यांत इंडक्शन भट्ट्या जास्त. त्यांचा लोड शांत, पण त्यांचे कन्व्हर्टर ५० हर्ट्झच्या पटीत न बसणारे प्रवाह ग्रिडमध्ये सोडू शकतात, आणि ते ५० हर्ट्झशी मिसळून पडणाऱ्या ठोक्यांतूनही दिवे लुकलुकतात. तिथे एसव्हीसी बसवण्याआधी मोजणी हवी. फ्लिकरमीटर १० मिनिटांच्या नोंदीतून 'पीएसटी' नावाचा आकडा काढतो. तो १ च्या वर राहिला, तर तक्रार रास्त आहे.