हळदीचं पेटंट नेमकं कशावर होतं?

मार्च १९९५मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट दिलं. विषय होता जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. ‘अमेरिकेने आपली हळद पळवली’ हे तेव्हापासून आपण ऐकत आलो आहोत. पण हळदीच्या रोपावर किंवा डब्यातल्या पुडीवर कुणी हक्क सांगितलाच नव्हता. पेटंट होतं ते एका वापरावर, आणि पेटंट ज्या देशाने दिलं त्याच देशात चालतं.

तरीही ते चुकीचंच होतं. पेटंट मिळवायचं तर शोध नवा हवा, जाणकाराला सहज सुचणारा नसावा आणि उपयोगी हवा. इथे नवेपणाच नव्हता. अडचण एवढीच की परदेशात लोक पिढ्यान्‌पिढ्या काय करतात, याला अमेरिकी कायद्यात तेव्हा पुरावा म्हणून किंमत नव्हती. छापील मजकूर लागे. आजीच्या हातची हळद तिथे साक्षीला उभी राहू शकत नव्हती! मग डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या भारत सरकारच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेने जुने ग्रंथ धुंडाळून ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यांत १९५३ सालचा, भारतातल्या वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही होता. १९९७मध्ये पेटंटमधले दावे फेटाळले गेले.

‘बौद्धिक संपदा’ म्हटलं की जमीनजुमल्यासारखा एकच हक्क डोळ्यांपुढे येतो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. या नावाखाली एकमेकांशी फारसं न जुळणारे बरेच कायदे येतात. पेटंटची मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षं. भारतात पुस्तकाचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, पण तो मांडणीवर असतो, कल्पनेवर नाही. ट्रेडमार्कचं दर १० वर्षांनी नूतनीकरण केलं की तो कितीही काळ चालतो. कोकणातल्या हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तर अनेकांनी ‘हापूसचं पेटंट’ म्हणून पेढे वाटल्यासारखा आनंद केला. प्रत्यक्षात त्या मानांकनाने जपलं जातं ते नाव. आंब्याचं कलम लावायला कुणालाच बंदी नाही. त्यामुळे ‘आमची बौद्धिक संपदा चोरली’ असं कुणी म्हणालं, की माझा पहिला प्रश्न असतो: यातला नेमका कोणता हक्क?

हळदीचा वाद जिंकला म्हणून हळद भारताच्या मालकीची झाली का? तर नाही. जखमेवर हळद लावणं सगळ्यांसाठी मोकळं राहिलं, इतकंच. या अनुभवातून २००१मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध या वैद्यकपद्धतींच्या ग्रंथांतल्या औषधांच्या कृती त्यात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी भाषांत नोंदवलेल्या आहेत, म्हणजे परदेशातल्या पेटंट परीक्षकाला अर्ज हातात असतानाच त्या शोधता येतात.