संघ गेला, म्हणजे सगळंच गेलं?

अमेरिकन फुटबॉलबद्दल फिरणारा समज: संघ शहर सोडतो तेव्हा नाव, विक्रम आणि चाहतेही त्याच्यासोबत जातात.

खेळाडू आणि करार जातात, हे खरं. बाकीचं तडजोडीवर ठरतं. १९९६ साली क्लीव्हलँडचा संघ बाल्टिमोरला गेला, पण नाव, रंग आणि विक्रम क्लीव्हलँडकडेच राहिले. १९९९ मध्ये नव्या संघाने तेच पुढे चालवले. उलट १९८४ मध्ये बाल्टिमोरहून इंडियानापोलिसला गेलेल्या संघाने बाल्टिमोरमध्ये जिंकलेलं १९५८ चं विजेतेपदही आपल्या विक्रमयादीत नेलं. चाहते मात्र गेले नाहीत. संघ गेल्यावरही त्याचं बाल्टिमोरमधलं बँडपथक वाजतच राहिलं!

पडताळायचं तर संघाच्या विक्रमयादीतला पहिला हंगाम पाहा. बाल्टिमोरच्या सध्याच्या संघाचा १९९६. क्लीव्हलँडचा १९४६, मध्ये १९९६ ते ९८ रिकामे.