शंभर डॉलरचा हॅम्बर्गर

अमेरिकेतल्या हौशी पायलट मंडळींच्या रोजच्या बोलण्यातला हा शब्द आहे. छोटं विमान काढायचं, अर्धा-पाऊण तास उडून दुसऱ्या एखाद्या लहान विमानतळावर उतरायचं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायचं आणि घरी परत यायचं, की झाला ‘हंड्रेड डॉलर हॅम्बर्गर’. प्लेटमध्ये बर्गरच हवा असं काही नाही, सकाळी जाऊन ऑम्लेट खाल्लं तरी नाव तेच.

शंभर डॉलर लागतात ते विमानाला, बर्गरचे पैसे त्यात किरकोळ. बरेच जण सेसना १७२ सारखं चार सीटचं विमान भाड्याने घेतात, भाडं तासावर आणि बहुतेक वेळा पेट्रोल धरून असतं, आणि तास मोजतो हॉब्स मीटर, जो इंजिन चालू असेपर्यंत फिरत राहतो, म्हणजे रनवेच्या तोंडाशी नंबर लागायची वाट बघत उभे असलात तरी बिल वाढतंच, पण जेवायला बसलात की इंजिन बंद आणि मीटरही बंद. आता बऱ्याच ठिकाणी तासाला दीडशे-दोनशे डॉलर पडतात, त्यामुळे शंभरात हे कधीच बसत नाही, नाव मात्र कोणी बदललं नाही. मित्रांमध्ये खर्च वाटता येतो, पण प्रायव्हेट लायसन्सवाल्या पायलटला इंधन, भाडं, विमानतळाची फी यातला आपला समान वाटा स्वतःच्या खिशातून भरावाच लागतो, नियमच आहे तसा.

एवढा खर्च निव्वळ खाण्यासाठी कशाला असं बाहेरच्याला वाटतं, पण माझ्या मते पायलटचा हात चालू ठेवायला याच्यासारखी दुसरी सवय नाही. सोबत कोणाला बसवायचं तर मागच्या ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग झालेली लागतात. पुढे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे ढगांत बाहेरचं दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर उडायची परवानगी, घ्यायचं तर ५० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे दुसऱ्या लांबच्या विमानतळापर्यंतचं उड्डाण, लागतं आणि त्यात धरायला सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांहून लांब कुठेतरी उतरावं लागतं, म्हणून तास जमवणारे लोक मुद्दाम तेवढ्या लांबचं रेस्टॉरंट शोधतात. अनोळखी रनवे, वेगळा वारा, कंट्रोल टॉवर नसेल तर रेडिओवर आपली जागा आपणच सांगत पॅटर्नमध्ये, म्हणजे रनवेभोवतीच्या ठरलेल्या फेऱ्यात, शिरणं, हे सगळं एका जेवणात होऊन जातं.

ठिकाणांमध्ये सगळ्यात गाजलेलं म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या कॅटालिना बेटावरचं ‘एअरपोर्ट इन द स्काय’. दोन डोंगरांचे माथे कापून मधली दरी भरून केलेला हा विमानतळ १,६०२ फुटांवर आहे आणि तिथला बायसनचा बर्गर प्रसिद्ध आहे. पण तिथे उतरणं सोपं नाही बरं का. समुद्र ओलांडताना इंजिन बंद पडलं तर तरंगत जमिनीपर्यंत पोचता येईल एवढी उंची ठेवावी लागते, आणि रनवेला मधे उंचवटा असल्याने टेकल्यावर पलीकडचं टोक दिसतच नाही, पुढे कडाच आहे असं वाटून नवखा माणूस जोरात ब्रेक दाबतो. शिवाय सुरुवातीचा चढ बघून आपण फार वर आहोत असा भास होतो आणि लोक नको तेवढे खाली येतात. त्याच राज्यात कोलिंगाजवळच्या हॅरिस रँचला स्टेकसाठी जातात, रनवे अगदी अरुंद, आणि पार दुसऱ्या टोकाला, पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरातल्या टँजियर बेटावर खेकड्यांसाठी. शनिवार-रविवारी विमानप्रेमींच्या क्लबांचे पॅनकेक ब्रेकफास्टही असतात, तिथे जुनी आणि घरी बांधलेली विमानं बघायला मिळतात ती वेगळीच मजा.

जेवणासोबत बिअर चालत नाही, प्यायल्यावर ८ तास विमान उडवायला बंदी आहे. दिवसा परतताना ठरलेल्या ठिकाणी पोचूनही अर्धा तास पुरेल एवढं पेट्रोल टाकीत राहिलं पाहिजे, रात्री पाऊण तास. आणि निघायच्या आधी रेस्टॉरंटला फोन करावाच, कारण अशा जागा बऱ्याचदा दुपारीच बंद होतात. जेवता जेवता ढग खाली आले तर तिथेच थांबायची तयारी हवी, म्हणून घरी अमुक वाजता पोचतो असं पक्कं सांगून निघू नये.