उपदंशापासून एचआयव्हीपर्यंत : सुंतेच्या वादाची पार्श्वभूमी

सुंता केल्याने गुप्तरोग टळतात का, हा प्रश्न सांगली-मिरजेकडे आजही दबक्या आवाजातच विचारला जातो. सुंता म्हटले की आधी धर्म आठवतो. शिश्नाच्या टोकावरील त्वचा, म्हणजे अग्रत्वचा, मागे सरकत नसेल तर ही शस्त्रक्रिया कोणत्याही धर्माच्या पुरुषावर केली जाते, हे नंतर लक्षात येते. प्रश्नाचा वैद्यकीय इतिहास मात्र बराच जुना आहे.

लंडनमधील शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांनी १८५५ साली आपल्या रुग्णालयातील नोंदींवरून असे मांडले की, ज्यू पुरुषांमध्ये उपदंश, म्हणजे आपल्याकडची जुनी माणसे ज्याला गर्मी म्हणत तो रोग, इतरांपेक्षा कमी आढळतो, आणि याचे कारण सुंता हे आहे. दोन समाजांत शस्त्रक्रियेखेरीज राहणी, लग्नाचे वय, वस्ती असे कितीतरी फरक असतात. त्यामुळे केवळ समाजांच्या तुलनेवरून काढलेल्या निष्कर्षांवर शंका घेतली जाणे रास्तच होते. एड्सच्या साथीत, १९८६ साली, कॅलिफोर्नियातील मूत्ररोगतज्ज्ञ ॲरन फिंक यांनी सुंतेमुळे एचआयव्हीपासून संरक्षण मिळत असावे असा तर्क मांडला. १९८९ मध्ये नैरोबीतील पुरुषांच्या पाहणीतून त्याला आधार मिळाला, पण जुनी शंका कायम राहिली.

या शंकेला महत्त्वाचे उत्तर आपल्या शेजारच्या पुण्यातून आले. तेथील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत येणाऱ्या २,२९८ एचआयव्हीमुक्त पुरुषांचा पाठपुरावा करून संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुंता झालेल्यांमध्ये एचआयव्हीची नवी लागण बरीच कमी होती. उपदंश, परमा (गनोरिया) आणि जननेंद्रियांवरील नागीण यांच्या प्रमाणात मात्र तसा फरक दिसला नाही. वागणुकीतील फरक हेच खरे कारण असते, तर हे सगळेच आजार कमी दिसायला हवे होते. म्हणून अग्रत्वचेच्या आतील पातळ अस्तरात विषाणूला धरणाऱ्या पेशी असतात, या जैविक स्पष्टीकरणाला बळ मिळाले. सुंता झालेले पुरुष या पाहणीत थोडेच होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

निर्णायक पुरावा आफ्रिकेतील तीन चाचण्यांनी दिला. दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज फार्म, केनियातील किसुमु आणि युगांडातील राकाई येथे मिळून ११,०५४ पुरुषांचे चिठ्ठीपद्धतीने गट पाडण्यात आले, आणि सुंता केलेल्या गटात लागणीचे प्रमाण ५० ते ६० टक्क्यांनी कमी आढळले. मार्च २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत इतर उपायांच्या जोडीने स्वीकारली, तीही मुख्यतः पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील देशांसाठी, जिथे साथ सर्वसामान्य लोकांत पसरली होती आणि सुंतेचे प्रमाण कमी होते. भारताची स्थिती तशी नव्हती.

राकाईच्या पुढील निष्कर्षांची चर्चा फार कमी होते. तिथे जननेंद्रियांवरील नागीण व एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) काही प्रमाणात घटले, उपदंश मात्र घटला नाही. म्हणजे ज्या रोगापासून हा वाद सुरू झाला, त्याच रोगाबाबत चाचणीत लाभ दिसला नाही. नंतर केनिया व युगांडातील जोडप्यांच्या एका निरीक्षणात उपदंश कमी आढळला, त्यामुळे तो प्रश्न पुरता मिटलेला नाही. याहून गंभीर बाब अशी की, आधीच एचआयव्ही असलेल्या पुरुषांची सुंता केल्याने त्यांच्या पत्नींची लागण कमी झाली नाही, आणि राकाईतील ही वेगळी चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

सांगलीत प्रतिबंधाचा विचार सुरुवातीपासून बायकांच्या बाजूने झाला, आणि माझ्या मते या जिल्ह्यात सुंतेच्या वादाकडे पाहताना हेच विसरता कामा नये. १९९२ साली येथे धंदा करणाऱ्या बायकांमध्ये एचआयव्ही प्रतिबंधासाठी संग्राम संस्थेचे काम सुरू झाले आणि त्यातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. धंदा करणाऱ्या बायकांनीच एकमेकींपर्यंत निरोध पोचवले आणि गिऱ्हाइकाला तो वापरायला लावण्याचे बळ एकजुटीतून मिळवले. समोरच्या पुरुषाची सुंता झाली आहे की नाही, याने त्यांच्या आग्रहात फरक पडण्याचे कारण नव्हते, कारण आफ्रिकेतील चाचण्यांनी मोजलेले ते ५० ते ६० टक्के संरक्षण पुरुषाचे होते, त्यांचे नव्हते.